जमीन कुणाची?

मंडळी, आज आम्ही एका कादंबरीची गोष्ट सांगतो. विला कॅथर या अमेरिकन बाईंनी ती १९१३ साली लिहिली. तिचे नाव 'ओ पायोनियर्स!' पायोनियर म्हणजे नव्या मुलखात आधी जाऊन वसणारा.

अमेरिकेत नेब्रास्का हा गवताळ माळांचा मुलूख आहे. स्वीडनहून आलेले बर्गसन कुटुंब तिथे शेती करी. मरताना बापाने मुलांना बजावले, थोरल्या बहिणीच्या सल्ल्याने चाला. तिचे नाव अलेक्झांड्रा.

पुढे अवर्षण पडले. शेजारी जमिनी विकून गेले. भाऊही कंटाळले. पण तिने घरची जमीन गहाण टाकून आणखी जमीन घेतली. बाप गेल्याला सोळा वर्षे झाली, तोवर घर भरभराटीला आले. भावांच्या लग्नात वाटण्याही झाल्या.

चाळिशीला टेकल्यावर तिचे मन कार्लवर जडले. तो तिचा बालपणीचा सोबती. तेव्हा लू आणि ऑस्कर हे भाऊ उठले. जमीन घरच्या पुरुषांची, ती परक्याच्या हाती जाता कामा नये, असे ते म्हणू लागले. तिने ठणकावले, माझा वाटा माझा आहे.

भावांनीही घाम गाळला होता, हे खरे. पण घर तगले ते बहिणीच्या हिमतीने. कामाच्या वेळी बहीण कर्ती आणि हक्काच्या वेळी परकी, हा कुठला न्याय? तुम्हीच विचार करा.