पहिली कमाई आणि परदेशाची वाट

पदवीनंतर पाल्याला परदेशी पाठवावे काय, याचा विचार मराठी मध्यमवर्गीय घरांत बहुधा शुल्क, कर्ज आणि व्हिसा या तीन अंगांनी होतो. त्या पाल्याने आजवर एखाद्या परक्या माणसाच्या हाताखाली सलग तीन-चार महिने काम केले आहे काय, ही चौथी बाब मात्र क्वचितच विचारात घेतली जाते. वास्तविक परदेशातील पहिले वर्ष तरुणाला घडवणार की खचवणार, याचा संबंध गुणपत्रिकेपेक्षा या चौथ्या बाबीशी अधिक असतो, आणि म्हणून कमाई आधी की प्रवास आधी, हा क्रमाचा प्रश्न करिअरच्या नियोजनात मध्यवर्ती मानला पाहिजे.

परीक्षेतील चुकीचा तोटा चूक करणाऱ्यापुरताच राहतो. दुकानाच्या गल्ल्यात रात्री दोनशे रुपये कमी भरले, किंवा ऐन लग्नसराईत केटररकडच्या मुलाने न सांगता खाडा केला, तर तोटा दुसऱ्याला सोसावा लागतो आणि त्याचा जाब त्याच्यासमोर उभे राहून द्यावा लागतो. गिऱ्हाइकाचे तिरकस बोलणे ऐकून घेणे, थकलेला पगार न भांडता पण न लाजता मागणे, न आवडणाऱ्या सहकाऱ्याबरोबर पाळी सांभाळणे या गोष्टी शिकवणीवर्गात शिकवता येत नाहीत. कायद्याची मर्यादा अर्थातच पाळली पाहिजे : १४ वर्षांखालील मुलांना नोकरीवर ठेवण्यास मनाई आहे आणि १४ ते १८ या वयात धोकादायक कामे वर्ज्य आहेत, त्यामुळे महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे हाच या कामाचा स्वाभाविक काळ ठरतो.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची, म्हणजे ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजवली; ती आजही अनेक महाविद्यालयांत चालते. मात्र ही गरिबांसाठीची सवलत आहे, असा समज सुखवस्तू घरांनी करून घेतला, आणि त्यात नुकसान त्यांच्याच मुलांचे झाले.

कमाई आणि प्रवास यांचा क्रम किती काटेकोरपणे बांधता येतो, याचे लक्षणीय उदाहरण जर्मनीत सापडते. तेथे सुतार, गवंडी, छप्पर घालणारे अशा कारागिरांमध्ये ‘वाल्झ’ नावाची मध्ययुगापासून चालत आलेली परंपरा आहे. शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण झालेला कारागीर परंपरेनुसार तीन वर्षे आणि एक दिवस गाव सोडून फिरतो, ठिकठिकाणच्या उस्तादांकडे काम करून पोट भरतो आणि या काळात आपल्या गावापासून सुमारे ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकत नाही. निघणारा साधारणतः तिशीच्या आतला, अविवाहित आणि कर्जमुक्त असावा, असा दंडक आहे. हातात हुन्नर नसलेल्याला ही वाट मुळातच बंद असते. आज ती धरणारे थोडेच उरले आहेत. तरीही ‘कर्जमुक्त’ ही अट वाचून शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरणाऱ्या पालकाने क्षणभर थांबावे, इतकी ती बोलकी आहे.

आपल्याकडे प्रचलित असलेला क्रम नेमका उलटा आहे : आधी कर्ज, मग प्रवास आणि परक्या भाषेत पहिली नोकरी. तेथे जाऊन काम करून खर्च निघेल, हा हिशेबही बहुधा चुकतो. विद्यार्थी व्हिसावर कामाचे तास बांधलेले असतात. ब्रिटनमध्ये पदवी वा पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्रकाळात सामान्यतः आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, तर जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. एवढ्या कमाईत भाजीपाला आणि भाड्याचा काही भाग सुटेल. विद्यापीठाचे भरभक्कम शुल्क नव्हे. जर्मनी तर वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल अशा खात्यात, आधी भरून घेते.

कामासाठीच परदेशी जाण्याचे सरळ मार्गही आता उपलब्ध आहेत. जर्मनीतील ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे कंपनीतील काम आणि व्यवसायशाळेतील शिक्षण यांची सांगड घालणारे, साधारणतः दोन ते साडेतीन वर्षांचे प्रशिक्षण असून त्यात विद्यावेतन मिळते. जर्मन भाषेची बी-१ पातळी त्यासाठी सहसा लागते. ब्रिटनच्या ‘यंग प्रोफेशनल्स’ योजनेत १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना सोडतीने निवडून दोन वर्षे राहण्याची व काम करण्याची मुभा दिली जाते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांना विसाव्या शतकाच्या आरंभी असा कोणताच आधार नव्हता. त्यांनी अमेरिकेत मोलमजुरी करीत कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे मेक्सिकोत पिकांच्या सुधारणेचे काम केले.

पालकांची धास्ती अनाठायी नाही, पण ती बहुधा चुकीच्या जागी खर्च होते. मुलाने तेथे काय खाल्ले यापेक्षा त्याला कोण पाठवत आहे, हे पाहणे अधिक निकडीचे असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, आणि उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कावर मर्यादा घातलेली आहे. महाविद्यालयीन प्रवेश मिळवून देणारे सल्लागार मात्र या नोंदणीच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून तेथे दुप्पट सावधगिरी हवी. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक पडताळणे, कराराची प्रत मागणे आणि प्रत्येक रकमेची पावती घेणे ही कामे वडिलांनी आपल्या अंगावर न घेता पाल्याकडून करवून घ्यावीत. ज्याने औषधाच्या किंवा किराणा मालाच्या दुकानात सुट्टीभर हिशेब सांभाळला असेल, त्याला पावतीविना पैसे मोजणे आपसूकच जड जाते.