बुजरा घोडा आणि मॅग्नेशियम

वाऱ्याने फडफडणारा एखादा कागद दिसताच एक घोडा मागच्या पायांवर उभा राहतो. शेजारचा दुसरा केवळ मान वर करून पाहतो व पुन्हा गवतात तोंड घालतो. घोडा हा मोकळ्या माळावरचा, पळून जीव वाचविणारा प्राणी. तेव्हा बुजणे हा त्याचा दोष नव्हे. पण त्याचा अतिरेक स्वाराच्या जिवावर बेततो. अशा घोड्याच्या चंदीत मॅग्नेशियमची पूड मिसळण्याची प्रथा ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील अश्वपालकांत रूढ आहे.

प्रथेला शास्त्रीय आधार मुळीच नाही, असे म्हणता येत नाही. मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरले म्हणजे स्नायूला आकुंचनाचा संदेश मिळतो. मॅग्नेशियम या प्रवेशास अटकाव करते. म्हणूनच ते फार कमी पडले, तर जनावर अस्वस्थ होते, स्नायू थरथरतात, चाल अडखळते. कोवळ्या गवतावर चरणाऱ्या दुभत्या गाईंचा हा परिचित विकार आहे. घोड्यांत मात्र तो क्वचितच आढळतो. आढळलाच तर शिंगराला पाजणाऱ्या घोडीत किंवा लांबच्या प्रवासात उपाशी राहिलेल्या जनावरात.

येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे. ५०० किलोग्रॅम वजनाच्या, काम नसलेल्या घोड्याला दिवसाला सुमारे ७.५ ग्रॅम मॅग्नेशियम लागते. अतिशय कष्टाच्या कामात ही गरज १५ ग्रॅमपर्यंत जाते. साधारण वाळल्या गवतात किलोमागे दीड-दोन ग्रॅम मॅग्नेशियम असते. म्हणजे आठ किलो गवतातूनच बारा ते सोळा ग्रॅम मिळाले! लसूणघास किंवा गव्हाचा कोंडा असेल, तर आणखी अधिक. गरजेहून जास्त शोषले गेलेले मॅग्नेशियम निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. रक्त तपासूनही कमतरतेचा नेमका अंदाज येत नाही. कारण शरीरातील मॅग्नेशियमपैकी जेमतेम एक टक्का रक्तात, तर सुमारे साठ टक्के हाडांत असते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात मॅग्नेशियम दिलेल्या घोड्यांची दचकून पळण्याची गती एक-तृतीयांशाहून अधिक मंदावली. मात्र प्रयोगातील घोडे अवघे सहा होते.

मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे जुलाबाचे मीठ, याबाबत विशेष सावध राहावे. इंग्लंडमधील ज्या एप्समच्या पाण्यावरून त्याला नाव मिळाले, तेथेच १७८० साली डर्बीची शर्यत सुरू झाली, हा एक योगायोग. पोटात मळ साठल्यावर या मिठाची मात्रा प्रमाणाबाहेर दिल्याने घोडे लुळे पडून कोसळल्याची नोंद आहे. घोडा शांत दिसावा म्हणून ते शिरेतून टोचणे तर हृदयच थांबविण्याचा धोका पत्करणे होय.

बहुतेक बुजऱ्या घोड्यांचे मूळ दुखणे निराळेच असते. काम थोडे, ओट्ससारखे धान्य भरपूर आणि दिवसभर तबेल्यात एकटे उभे राहणे. किंवा टोचणारे खोगीर, दुखरे दात, जठरातील व्रण. प्रथम हे पाहावे. त्यानंतरही मॅग्नेशियम द्यावयाचे ठरल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने, तोलूनच द्यावे. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये सुमारे साठ टक्के मॅग्नेशियम असते. म्हणजे दहा ग्रॅमसाठी सुमारे सतरा ग्रॅम पूड पुरते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या घोड्याला ते देऊ नये. आणि काही आठवड्यांत फरक न दिसल्यास बंद करावे.