खेळण्यापेक्षा खोकं बरं?

प्रश्न : आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. वाढदिवसाला तिच्या मामाने बॅटरीवर नाचणारा, गाणारा, एबीसी म्हणणारा मोठा रोबो आणला. दोन दिवस तिने तो वाजवला आणि मग ढुंकूनही पाहिलं नाही. तो ज्या खोक्यातून आला, ते खोकं मात्र महिनाभर सोडत नाही. त्यात बाहुलीला झोपवते, स्वतः बसते, ओढणी बांधून घरभर ओढते. सासूबाई म्हणतात, हिला पैशाची किंमत नाही. मला वेगळंच कुतूहल आहे. खोक्यात असं असतं तरी काय?
– एक आई, अंबरनाथ (पश्चिम)

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी सांगा की नातीची निवड अगदी मान्यवरांची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात ‘द स्ट्राँग’ नावाचं खेळांचं संग्रहालय आहे. गाजलेल्या खेळण्यांना तिथे ‘नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम’मध्ये मानाची जागा मिळते. बार्बी आणि लेगो यांच्या पंगतीला २००५ साली पुठ्ठ्याचं खोकं बसलं. २००८ साली त्याच्या शेजारी काठी येऊन बसली. कोणती काठी, तर झाडाखाली पडलेली, कुणीही उचलावी अशी.

आता खोक्यात काय असतं ते पाहू. रोबो नाचतो, गातो, दिवे लावतो. सगळं तोच करतो, मुलीच्या वाट्याला एक बटण येतं. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिला त्याची सगळी विद्या पाठ झालेली असते, मग बघायचं काय? खोकं स्वतः काहीच करत नाही. त्यामुळे त्याचं घर, गाडी, पाळणा, दुकान यातलं काय करायचं ते रोज तिलाच ठरवावं लागतं. ठरवलं की ते निभवावंही लागतं. गाडी असेल तर ड्रायव्हर हवा, दुकान असेल तर गिऱ्हाईक हवं आणि गिऱ्हाइकाशी बोलायला शब्द हवेत.

लेव व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यातलं उदाहरण आपल्या ओळखीचंच आहे, काठीचा घोडा. काठी घोड्यासारखी मुळीच दिसत नाही, आणि तिचा उपयोग नेमका त्यातच आहे. टांग टाकून तिच्यावर बसता येतं, एवढ्या आधारावर मूल घोडा आपल्या डोक्यातून काढतं आणि काठीवर चढवतं. एका वस्तूला दुसरीच वस्तू मानायचं, आणि खेळ संपेपर्यंत ते मानणं सोडायचं नाही. अक्षर वाचायला याहून वेगळं काय लागतं? ‘क’ ही वळणदार रेघ कमळासारखी दिसत नाही, तरी तिला क म्हणायचं आणि सगळीकडे क म्हणायचं. खोक्याला बस म्हणणारी तुमची मुलगी वाचनाच्या वाटेवर बरीच पुढे आली आहे. एबीसी म्हणणारा रोबो तिला तिथे नेत नव्हता.

बोलणाऱ्या खेळण्यांची आणखी एक गंमत आहे. ती बोलू लागली की घरातली माणसं गप्प होतात. ॲरिझोनातल्या संशोधक ॲना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांच्या बाळांचं आणि त्यांच्या आईबाबांचं बोलणं घरीच ध्वनिमुद्रित केलं होतं. तो अभ्यास २०१५च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. कुटुंबं फक्त सव्वीस होती आणि मुलं तुमच्या मुलीपेक्षा बरीच लहान, हे लक्षात ठेवूनच त्याकडे पाहायला हवं. पण निष्कर्ष स्पष्ट होता. आवाज करणारी खेळणी समोर असताना मोठी माणसं सगळ्यात कमी बोलली, ठोकळे आणि लाकडी कोडी असताना त्याहून जास्त, आणि चित्रांचं पुस्तक असताना सगळ्यात जास्त.

म्हणून रोबोची बॅटरी काढून टाका. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मुका झाला की कदाचित तोही कामाला येईल. दवाखान्यातला पेशंट होईल किंवा तुमच्या खोक्यातला प्रवासी.

बाकीची खेळणीही एकदम पसरून ठेवू नका. ओहायोतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली छापलेल्या प्रयोगात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसमोर एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी ठेवली होती. चार असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. म्हणून माळ्यावर खेळण्यांची एक पिशवी चढवून ठेवायची आणि पंधरवड्याने खालची वर, वरची खाली करायची. वर गेलेलं खेळणं खाली येतं तेव्हा नवं होऊन येतं, आणि त्याला खर्च शून्य.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न मला दिसतो आहे : ‘मग शैक्षणिक खेळणी घ्यायचीच नाहीत का? ते मॉन्टेसरीचे लाकडी संच वगैरे?’ परवडत असतील तर जरूर घ्या, चांगली असतात. नसतील परवडत तर जीव खालीवर करून घेऊ नका. हा पेच आपल्याकडे फार पूर्वी पडला होता आणि तुमच्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात सुटला होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी मॉन्टेसरी पद्धत आपल्या मातीत रुजवली, पण तिची साधनं महाग होती आणि खेड्यातल्या मुलांना परकीही. ताराबाईंनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात भरू लागली. साधनं काय होती? शंख, शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, बांबू. लहानमोठं लावा, सारखं ते वेगळं काढा, खरखरीत कोणतं आणि गुळगुळीत कोणतं ते डोळे मिटून ओळखा. मॉन्टेसरीबाईंच्या पेटीत जे होतं तेच, फक्त समुद्राने आणि रानाने पुरवलेलं.

तुमच्याकडे समुद्र नाही, पण पश्चिमेला विम्को नाका आहे. ज्या कंपनीच्या नावाने तो ओळखला जातो, तिचा धंदा काडेपेट्यांचा होता. आणि रिकाम्या काडेपेटीइतकं गुणी खेळणं मला दुसरं माहीत नाही. तिचा खण आत सरकवणं आणि बाहेर ओढणं हा चिमुकल्या बोटांना मोठा व्यायाम आहे. दहाबारा जमल्या की आगगाडी होते, मनोरा होतो, बाहुलीचं कपाट होतं. एकीच्या खणात तूरडाळ, एकीच्या मीठ, एकीच्या शेंगदाणे घालून वरून कागद चिकटवा आणि हलवून आवाज ओळखायला सांगा. काडेपेटीची पुढची विद्या अरविंद गुप्तांची. कानपूर आयआयटीचे हे इंजिनिअर पुण्याच्या टेल्कोत होते. १९७८ साली वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमात गेले. तिथे काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून त्रिकोण, चौकोन, घरं बनवणं त्यांनी सुरू केलं. पुढे पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून असंख्य खेळणी घडवली, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांची ही घरं तुमची मुलगी पहिली-दुसरीत गेल्यावर करा. आता ते नळीचे तुकडे तोंडात जातील. गुल असलेल्या काड्या तर तिच्या हातात कधीच नकोत.

प्रश्न : आमच्या नातवाला घेऊन मी कॅम्प दोनच्या बाजारात जातो. रस्त्यावर पन्नास रुपयांना जे खेळणं मिळतं तेच मोठ्या दुकानात तीनशेला. सून म्हणते आयएसआय बघूनच घ्या. आमच्या लहानपणी कुठे होतं आयएसआय? आणि आम्ही तर जगलो!
– एक आजोबा, उल्हासनगर

उत्तर : काका, जगलात आणि चांगले जगलात. पण तुमच्या खुळखुळ्यात चकतीसारखी बॅटरी नव्हती.

सूनबाईंचं बरोबर आहे. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बॅटरी नसलेल्या खेळण्यावर आयएस ९८७३ हा क्रमांक असतो आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यावर आयएस १५६४४. चिन्हाखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक लागतो. नुसतं चिन्ह छापायला काय जातं! ‘मेड इन यूएसए’मधला ‘यू’ उल्हासनगरचा, हा तुमच्या गावचा जुना विनोद तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तो परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये घालून पाहायचा. ज्या कंपनीचं खेळणं आहे तिचंच नाव समोर आलं तर खिसा उघडा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे कारागिराने हाताने केलेल्या लाकडी भाजीफळांवर चिन्ह दिसलं नाही तर लगेच नाक मुरडू नका. रंग ओल्या फडक्याला लागतो का आणि कुठे कुसळ टोचतं का, तेवढं पाहा.

रस्त्यावरचं सगळं वाईट आणि दुकानातलं सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. आपली नजर दोन्हीकडे सारखीच लागते. नातू किंवा त्याचं धाकटं भावंड तीन वर्षांच्या आतलं असेल तर पट्टी घेऊन जा. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू मावते, ती घशात अडकू शकते. तपासणीची नळी साधारण तेवढीच असते. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, म्हणजे त्याहून जरा मोठी वस्तूसुद्धा धोक्याचीच. गाडीची चाकं, बाहुलीचे डोळे, शिट्टीतली गोळी ओढून पाहा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आणि सुरुवातीलाच म्हटली ती चकतीची बॅटरी. गाणारी पेनं, चमकणारी घड्याळं, बोलणारी पुस्तकं अशा स्वस्त खेळण्यांत ती असते. तिचं झाकण स्क्रूने बंद नसेल, नुसतं नखाने उघडत असेल, तर ते खेळणं फुकटसुद्धा घेऊ नका. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी केळं भरवत, शी होण्याची वाट बघत घरी बसायचं नाही. तडक मोठ्या रुग्णालयात जायचं. छोट्या जोरदार लोहचुंबकांच्या गोळ्यांनाही हेच लागू. दोन गिळल्या तर आतड्याच्या दोन वेढ्यांना मधे पकडून त्या एकमेकींना चिकटतात.

भोवरा, लगोरी, पतंग यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. त्यांना कुणी आयएसआय विचारत नाही आणि ते शिकवायला आजोबाच लागतात.

प्रश्न : मी बदलापूरहून सीएसएमटीला नोकरीला जातो. निघतो तेव्हा मुलगा झोपलेला असतो, परततो तेव्हा रात्रीचे साडेआठ. त्याला चौथं वर्ष चालू आहे. जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यात त्याला काय शिकवू?
– एक बाबा, बदलापूर (पूर्व)

उत्तर : काही शिकवू नका. ‘हा रंग कोणता? हे किती?’ ही तोंडी परीक्षा दिवसभर बालवाडीत झालेली असते. केंद्राने २०२२च्या ऑक्टोबरात तीन ते आठ वयासाठी जो अभ्यासक्रम आराखडा आणला, त्यानेही खेळालाच शिकण्याचा मुख्य रस्ता मानलं आहे. शाळांना हे पचायला वेळ लागेल, तुम्हाला तो लावायचं कारण नाही.

तुमच्याकडे असा एक खेळ आहे की जो कुठल्याही दुकानात मिळणार नाही. तुम्ही रोज ज्या लोकलमध्ये अदृश्य होता, तिच्याबद्दल मुलाला प्रचंड कुतूहल असणार. चार खुर्च्या ओळीने लावा. गार्ड त्याला करा, तुम्ही प्रवासी. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, एवढी पाच स्टेशनं त्याने पुकारायची. आठवड्यात क्रम पाठ होईल, दुसऱ्या आठवड्यात तो परतीचा क्रमही लावू पाहील. उलट क्रम लावणं या वयाला चांगलंच अवघड आहे, त्यामुळे परतताना अंबरनाथ विठ्ठलवाडीच्या आधी आलं तर लगेच दुरुस्त करू नका. ‘अरेच्चा, मी तर चुकीच्या स्टेशनवर उतरलो!’ म्हणा आणि त्याला सोडवू द्या. कागदाची तिकिटं त्याला फाडू द्या, त्यावर काहीतरी गिरबटू द्या. त्याने आपण होऊन गिरवलेलं पहिलं अक्षर त्या तिकिटावरच येईल, असं मला वाटतं.

दमून आला असाल आणि खुर्च्या उचलायचीही ताकद नसेल, तर जेवणाच्या आधी त्याच्यासोबत वाटाणे सोला. शेंग दाबून फोडायची, दाणे मोजायचे, कोणत्या शेंगेत जास्त निघाले ते भांडायचं. घरात धाकटं भावंड असेल तर दाणे त्याच्या हाती लागू देऊ नका. मोबाइल या अर्ध्या तासात दुसऱ्या खोलीत ठेवा, दोघांचाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या वयाला दिवसात तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको असं सांगितलं आहे, आणि तो तास तुम्ही घरी यायच्या आत केव्हाच संपलेला असतो.