महाराजा सयाजीराव गायकवाड : आज्ञेपासून हक्कापर्यंत

भारतातील प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात बडोदे संस्थानाचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ मध्ये जन्मलेले गोपाळराव १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंचे दत्तकपुत्र म्हणून सयाजीराव या नावाने गादीवर आले. अल्पवयीन काळात दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची व वित्तव्यवस्थेची घडी बसविली. १८८१ च्या अखेरीस महाराजांस पूर्ण अधिकार प्राप्त झाले.

सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण हे त्यांच्या कारकिर्दीचे मुख्य कार्य होय. ते एकदम लागू करण्यात आले नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत त्याचा प्रयोग झाला आणि त्या अनुभवाच्या आधारे १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात मुलामुलींसाठी कायदा करण्यात आला. मर्यादित क्षेत्रात प्रयोग व नंतर विस्तार, ही पद्धत नियोजनाच्या दृष्टीने अभ्यसनीय ठरते.

या धोरणापुढील अडचणीही मूलतः आर्थिक होत्या. शाळेत फी नसली तरी मूल शाळेत गेल्याने कुटुंबाची शेतातील मदत वा मजुरी बुडत असे आणि गैरहजेरीचा दंड पुन्हा त्याच गरीब पालकास भरावा लागे. शिवाय शाळा सुटल्यावर वाचावयास काहीच नसेल, तर मिळविलेली साक्षरताही लोप पावते. हे ओळखून १९१० पासून अमेरिकन तज्ज्ञ विल्यम बोर्डन यांच्या साहाय्याने ग्रंथालयांचे जाळे उभारण्यात आले. फिरती ग्रंथालये खेड्यापाड्यांत पोहोचली. १९०८ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा आणि १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी दिलेली शिष्यवृत्ती हीदेखील याच विकासदृष्टीची फलिते होत.

बडोद्याचे उदाहरण ब्रिटिश हिंदुस्थानापुढे होते. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले. परंतु मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाले. एका संस्थानास जे साध्य होते, त्यास साम्राज्य सरकार तयार नव्हते. प्रश्न साधनांइतकाच राजकीय इच्छाशक्तीचाही होता.

तथापि या सुधारणेची एक मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. बडोद्यातील शिक्षण ही राजाची आज्ञा होती. प्रजेचा हक्क नव्हता. सयाजीरावांचे १९३९ मध्ये निधन झाले आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ८६ व्या घटनादुरुस्तीने २००२ मध्ये ६ ते १४ वयोगटातील बालकांच्या शिक्षणास मूलभूत हक्काचे स्थान दिले व १ एप्रिल २०१० पासून त्यासंबंधीचा कायदा अंमलात आला. आज्ञेत कर्तव्य पालकाचे असते. हक्कात ते प्रथम शासनावर येते. बडोद्याच्या प्रयोगाचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्यांनी हा भेद विसरू नये.