हिशेब नको, कसूरही नको

सोलापूर,
रामनवमी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुट्टीत सोसायटीतल्या बायका-मुलांना गोधडी शिवायला आणि कापड रंगवायला शिकवणार आहेस, हे वाचून बरं वाटलं. कापड कुठलं घेऊ, रंग कुठले वापरू आणि पुढेमागे ऑर्डरी घेऊ का, असं तीन गोष्टींचं विचारलंयस. शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

सोलापूरच्या आमच्या पूर्वभागात कापड म्हणजे पोटापाण्याचा धंदा. १८७७ साली शहरात ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी घराघरांत आधी हातमाग आणि मग यंत्रमाग बसवले. आजही माग चालू असताना गल्लीत आवाज चढवूनच बोलावं लागतं. मागावरच्या माणसाला किती माल उतरला यावर मजुरी, आणि कितीतरी घरांतली बाई विड्या वळते, तिला हजारामागे मजुरी. अशा गावात राहून मोजदाद न करता सुई-दोरा घेऊन बसायला मिळणं ही चैन आहे, मुक्ता. तुला ती मिळाली आहे तर भोग. किती तास गेले, किती टाके झाले, त्याचे किती सुटतील, हा हिशेब गोधडीजवळ आणू नकोस.

मात्र हौस आहे म्हणून काम कसंही चालेल, असं समजू नकोस. मागावरचा कारागीर तुटलेला धागा तसाच पुढे जाऊ देत नाही. तुझी गोधडी कोणाच्या तरी अंगावर जाणार आहे, घटस्थापनेआधीच्या धुण्यात आपटली जाणार आहे. तिथे टाका उसवला किंवा एकाचा रंग दुसऱ्याला लागला, तर ‘मी काही व्यावसायिक नाही’ हे कोणाला सांगणार? हिशेब नको आणि कसूरही नको, एवढंच माझं म्हणणं. पुढचं सगळं त्याचाच विस्तार.

ऑर्डरींबद्दल आणखी एक. गोधड्या शिवून घर चालवणाऱ्या बायका आहेत. तू दोन महिने खपून केलेली गोधडी ‘सामानाचे पैसे निघाले तरी पुष्कळ’ म्हणून आठशे रुपयांत देऊन टाकलीस, की त्यांच्याकडे जाणारं गिऱ्हाईक तोच भाव पुढे करतं. तुझी हौस होते आणि तिची मजुरी पडते. द्यायची तर भेट म्हणून दे. विकायचीच झाली तर पोटासाठी शिवणारी बाई मागेल तेवढे मागून घे. मधला मार्ग धरू नकोस.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव आहे. तिथल्या बायका शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली आणि मोठ्या दुकानांसाठी शिवायला लागल्या. चार पैसे आले, त्यांना त्यांची गरजही होती. पण दुकानाला सगळा माल एकसारखा लागे. पुढे २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं आणि त्यांचं जगभर नाव झालं. भिंतीवर ज्या लागल्या त्या मुख्यतः घरच्या अंथरुणा-पांघरुणासाठी मनाला येईल तशा शिवलेल्या. तुला व्हिडिओतले पट्टीने आखलेले चौकोन पाहून न्यूनगंड येतो म्हणतेस, म्हणून हे लिहिलं.

आता कापड. नवं कापड आणून त्याचे तुकडे करून पुन्हा जोडायचे, हा खटाटोप करू नकोस. घरातली जुनी सुती लुगडी, धोतरं, सदरे काढायला सांग. प्रत्येकीने आपल्याच घरचं आणावं. इथे सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे पुष्कळ कारखाने आहेत, त्यांच्या चिंध्या पोत्याने मिळतात आणि मला पहिला मोह त्यांचाच होतो. पण त्यात बहुतेक टेरीकॉट. पारखायचं असेल तर एक धागा काढून काडीने पेटवून पाहा. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटांत भुरभुरते. टेरीकॉट वितळतं आणि टोकाला कडक काळी गोळी धरते. असलं कापड घाम टिपत नाही आणि आपल्या सालीपाल्याचा रंगही नीट धरत नाही. वर्गाचा पहिला दिवस या परीक्षेतच घालव, फक्त मुलांच्या हातात काडी देऊ नकोस.

आत काय घालायचं? बाळाच्या दुपट्याला जुन्या मऊ लुगड्याचे तीन पदर पुरतात. मोठ्या गोधडीला चार-पाच. आपली सोलापुरी चादर आत घालायचा मोह होईल, पण ती इतकी घट्ट विणलेली असते की नवशिक्यांच्या बोटांना फोड येतात. दाभण चालवायची सवय असेल त्यांनीच घालावी. टर्किश टॉवेल तर घालूच नकोस, धुतल्यावर पाणी पिऊन बसतो आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. लुगड्याचे काठ आधी उसवून बाजूला ठेव. मधे आले की सुई अडते, कडेला लावले की गोधडीला बळ येतं.

सगळे पदर जमिनीवर अंथरून, हाताने सारखे करून, लांब टाक्यांनी आधी टाचून घ्या. मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनात आत आत येत जायचं. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की गुंता होतो. गाठ पदरांच्या आत लपवावी, दुपट्याला तर बाहेर एकही गाठ नको. टाका लहान असावा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेवटपर्यंत तेवढाच राहावा. सुरुवातीला बारीक आणि कंटाळा आला की ढांगा, हे मागून उलटून पाहिलं की लगेच कळतं.

रंगाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथेच फसवणूक फार. बीट उकळून, जास्वंद कुस्करून कापड गुलाबी करून दाखवतात. तो रंग नव्हे, डाग. पहिल्याच धुण्यात जातो. हळद देखणी दिसते, पण उन्हात उडते. आपल्या जिल्ह्यात डाळिंब अमाप, केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. रसवाल्याकडे सालींचा ढीग पडलेला असतो, त्या मागून आणून वाळवून ठेव. डाळिंबाच्या सालीत तुरटपणा मुळातच असतो, म्हणून ती सुती कापडाला धरते. कांद्याची टरफलं किंवा दसऱ्यानंतरचा झेंडू वापरायचा असेल तर मात्र कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवावं लागतं.

रीत अशी: धुण्याचा सोडा घालून कापड तासभर उकळायचं, म्हणजे खळ आणि तेलकटपणा जातो. हे टाळलंस तर रंग डागाडागाने बसेल. मग १ किलो कोरड्या कापडाला १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून कापड रात्रभर त्यात बुडवून ठेव. साल कापडाच्या निदान निम्म्या वजनाची घे, उकळून गाळ, त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर हलवत राहा आणि त्यातच निवू दे. वाळवायचं सावलीत. पिवळा येईल, जरा मातकट पण भारदस्त. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात दोन आठवडे मुरवून ते पाणी थोडं घातलंस, तर तोच पिवळा डोळ्यांदेखत शेवाळी होतो, आणखी घातलंस तर राखाडी. पोरं टाळ्या वाजवतात. पण हात आखडता ठेव, लोखंड जास्त झालं की कापड कुजतं. पाणी बोअरचं असेल तर त्यातल्या क्षार-लोहाने रंग आपोआप मंद येतो, म्हणून आधी वीतभर तुकडा बुडवून पाहावा. रंगाची भांडी स्वयंपाकात परत न्यायची नाहीत.

लाल-निळ्या झगझगीत रंगांची हौस असेल तर बाजारातले रिअ‍ॅक्टिव्ह रंग घे, त्यात कमीपणा नाही. १९५६ साली ते बाजारात आले. सोड्याच्या पाण्यात ते सुती धाग्याशी एकजीव होतात, म्हणून धुण्यात सहसा जात नाहीत. पूड हाताळताना तोंडाला फडकं बांध आणि पूड मुलांच्या हातात देऊ नकोस. कुठलाही रंग असो, गोधडीत घालण्याआधी तुकडा साबणाने धुऊन ओल्या पांढऱ्या फडक्यावर घास. फडकं रंगलं तर तो तुकडा गोधडीत नको.

शिकवण्याबद्दल थोडंच सांगते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी पाहिलंय, मुलांना दिवसअखेर हातात काहीतरी लागतं. त्यांना हरभरे कापडात बांधून बांधणी करू दे. गाठ सोडल्यावर उमटणारं वर्तुळ त्यांना शेवटपर्यंत बसवून ठेवतं. मोठ्यांना एकाच गोधडीभोवती चारी बाजूंनी बसव. कोणाचा टाका वाकडा गेला तर तिच्यादेखत उसवू नकोस आणि ती गेल्यावर गुपचूप तर मुळीच नाही. शेजारी बसून आपला नीट घाल, ती पाहून घेते. आणि ‘मला काही येत नाही’ म्हणत कोपऱ्यात बसणाऱ्या सासवांना शिकवायला जाऊ नकोस. त्यांच्या हातात सुई दे आणि तू बाजूला हो.

हिरडा आणि तुरटी इथून पाठवते, सालींचं तू बघ. पहिली गोधडी सुहासच्या बाळासाठी करणार असशील तर वरचा पदर रंगवू नकोस, धुतलेलं पांढरं धोतरच लाव. झाली की मला दाखवायला आण. मी आधी मागची बाजू बघेन, हे लक्षात ठेव.

घरी सर्वांना यथायोग्य.

तुझी,
शैलामावशी