सात प्रश्न

मुलांनो, पोर्ट लुईच्या दक्षिणेला एबेन नावाचे ठिकाण आहे. पूर्वी तेथे उसाची शेते होती. सन 2001 मध्ये तेथे सायबरसिटी उभारण्यास सुरुवात झाली. आज तेथे बारा मजली सायबर टॉवर व इतर उंच इमारती आहेत. त्यांतील अनेक कार्यालयांत सॉफ्टवेअर इंजिनिअर काम करतात.

सॉफ्टवेअर इंजिनिअर काय करतात? ते संगणकासाठी सूचना लिहितात. कोणते काम आधी करायचे, कोणते नंतर, हे ते नीट सांगतात. अशा सूचनांना प्रोग्रॅम म्हणतात. बँकेच्या यंत्रातून पैसे काढताना किंवा फोनवर खेळताना आपण प्रोग्रॅमच वापरतो.

या नोकरीसाठी मुलाखत द्यावी लागते. मुलाखतीत उमेदवाराला कोडी घालतात. असेच एक कोडे आपण पाहू.

"मी 1 ते 100 मधील एक संख्या मनात धरली आहे. मी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणेन. कमीत कमी प्रश्नांत ती ओळखा."

"1 आहे का? 2 आहे का?" असे विचारत गेलात आणि ती संख्या 100 निघाली, तर तुम्ही दमून जाल! त्याऐवजी विचारा, "ती 50 पेक्षा मोठी आहे का?" उत्तर काहीही आले, तरी निम्म्या संख्या गळतात. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करा. असे केल्यास जास्तीत जास्त सात प्रश्नांत संख्या सापडते. 1 ते 1000 पर्यंतच्या संख्यांसाठीही दहा प्रश्न पुरतात.

मुलाखत घेणारे केवळ उत्तर पाहत नाहीत. उमेदवार आपला विचार समजावून सांगतो का? न कळलेले विचारतो का? अडल्यावर दुसऱ्याची सूचना ऐकतो का? हेही ते पाहतात. कारण कार्यालयात अनेक जण मिळून एक प्रोग्रॅम लिहितात. एकाने लिहिलेले दुसरा वाचतो व तपासतो.

तपासणे फार महत्त्वाचे असते. 4 जून 1996 रोजी युरोपचा एरियान-5 हा नवा अग्निबाण प्रथमच उडाला. सुमारे चाळीस सेकंदांत तो आकाशातच फुटला. जुन्या अग्निबाणाच्या प्रोग्रॅमचा एक भाग त्यात तसाच वापरला होता. नव्या अग्निबाणाचा वेग जास्त होता. त्यामुळे एक आकडा इतका वाढला, की संगणकाने त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत तो मावेना. अग्निबाणात माणसे नव्हती, पण अनेकांची वर्षांची मेहनत वाया गेली.

म्हणून चांगला इंजिनिअर स्वतःलाच विचारतो, "संख्या सर्वांत लहान असेल तर? सर्वांत मोठी असेल तर?" मुलांनो, गणित सुटले की लगेच वही मिटू नका. उत्तर एकदा पडताळून पाहा.

शब्दार्थ
उमेदवार – नोकरी मागणारा
पडताळणे – बरोबर आहे का ते पाहणे

स्वाध्याय
1. प्रोग्रॅम म्हणजे काय?
2. मुलाखत घेणारे काय काय पाहतात?
3. एरियान-5 का फुटला?
4. करून पाहा : मित्राच्या मनातील संख्या सात प्रश्नांत ओळखा.