पातळ फोन घेताना

बाय, पहिल्या पगारातून फोन घ्यायचा म्हणतेस, तर जरूर घे. पण पातळच हवा असं मनात धरलं असशील तर मामाचं एवढं ऐक. फोन पातळ करायचा म्हणजे आतून काहीतरी कमी करावं लागतं. काय कमी केलं ते समजून घेतल्याशिवाय पैसे मोजू नकोस.

आधी जाडी बघ. एटीएम कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. आठ कार्डं एकावर एक रचलीस की सहा मिलिमीटर होतात. २०२५ साली आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ एज ५.८ मिलिमीटरचा आहे, तर ॲपलचा आयफोन एअर ५.६ चा. पण कंपनी हा आकडा कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून सांगते. फोन टेबलावर पालथा-उताणा करून बघ, डुगडुगतो का ते कळेल. कव्हर घालूनही हातात धर, कारण रोज तू तसाच वापरणार आहेस.

मग बॅटरी विचार. एस२५ एजची ३९०० एमएएच आहे, आणि तेवढ्याच पैशात त्याहून मोठ्या बॅटरीचे जाड फोन मिळतात. उलट टेक्नोचा पोवा स्लिम ५.९५ मिलिमीटरचा असूनही ५१६० एमएएच देतो, पण त्याचा कॅमेरा आणि प्रोसेसर साधा आहे. तू सकाळी खाडीच्या तरीने मार्वेला उतरणार, पुढे मालाडला जाणार, दिवसभर नकाशा, यूपीआय, फोन चालणार आणि रात्री परत. शेवटची तर चुकली की भाईंदर-उत्तनवरून वळसा. त्या वेळी फोन चालू हवा. दिवसाअखेर वीस-पंचवीस टक्के उरतील असाच फोन निवड.

कॅमेरे मोज. आयफोन एअरला मागे एकच कॅमेरा आहे, एस२५ एजला दोन, पण लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स दोघांनाही नाही. खाडीतल्या बोटीचा फोटो किनाऱ्यावरून काढायचा असेल तर हे बघायला हवं. स्पीकरचंही तसंच. आयफोन एअरला एकच स्पीकर आहे, तोही कानाशी. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येईल का, ते दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून तपास.

सिमकार्डाचं विसरू नकोस. आयफोन एअरमध्ये सिम घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम चालतं. साधं सिम असलं की फोन बंद पडल्यावर ते काढून दुसऱ्याच्या फोनमध्ये घालता येतं, आणि घरी कळवता येतं. बोटीवर जाणाऱ्या आपल्या माणसांना या सोयीची किंमत ठाऊक आहे.

आता खाऱ्या पाण्याचं. आयपी६८ लिहिलेलं असतं, पण ती चाचणी गोड्या पाण्यात होते. खाडीचं पाणी, ओल्या मासळीचे हात, वलांडीवर बोंबील वाळत टाकताना उडणारे थेंब, हे सगळं खारं. मीठ चार्जिंगच्या छिद्रात साचलं की धातू गंजतो, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. असा फोन खाऱ्या पाण्याने भिजला तर गोड्या पाण्याच्या फडक्याने पूस, आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस.

उन्हालाही जप. पातळ अंगाला उष्णता बाहेर टाकायला जागा कमी. ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतचं हवामान योग्य मानते. मे महिन्यात जेटीवरच्या उन्हात हॉटस्पॉट लावून फोन ठेवलास तर तो तापणार, मंद होणार. आणि मागच्या खिशात ठेवून तरीच्या बाकावर बसू नकोस. २०१४ साली आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याची चर्चा जगभर झाली होती. आताच्या महागड्या पातळ फोनांना टायटॅनियमची चौकट आहे, तरी काच ती काचच.

पैसे देण्याआधी बिल पक्कं घे. फोनवर *#०६# दाबून आलेला आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळव. मग इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठव. सरकारी नोंदीत फोन खरा आहे की नाही ते कळतं. स्क्रीन बदलायला किती लागतील आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे, तेही विचार, कारण दुरुस्तीसाठी तुला खाडी ओलांडावीच लागेल.

हे सगळं तपासूनही पातळ फोन पसंत पडला तर बिनधास्त घे. बॅटरीवर किंवा सिमवर मन अडलं, तर दोन मिलिमीटर जास्त जाड घे. तोच तुझ्या कामाला येईल.